चुकलेल्या उत्तराचं पुढे काय होतं?

पुण्यात शाळाप्रवेशाचा हंगाम आला की माहितीपुस्तिकांमध्ये एक चौकट हमखास दिसते: डिजिटल क्लासरूम, इंटरॅक्टिव्ह पॅनेल, शाळेचं स्वतःचं ॲप. पालक वर्ग बघायला जातात. कुणीतरी पॅनेलवर बोट फिरवून हृदयाचं थ्रीडी चित्र गरगर फिरवून दाखवतं आणि सगळे खूश होतात. पालकांचे प्रश्नही ठरलेले असतात. पॅनेल किती इंची आहे, टॅब शाळा देणार की आम्ही घ्यायचा, आणि अर्थात फी किती वाढणार.

मला विचाराल तर तिथे आधी एवढंच विचारावं: मुलानं एखादं उत्तर चुकवलं, तर त्या चुकीचं पुढे काय होतं? ती कुणाला कळते, किती वेळात कळते आणि कळल्यावर कोण काय करतं? शिक्षणातल्या माहिती तंत्रज्ञानाबद्दल जे काही समजून घ्यायचं आहे, त्यातलं बरंचसं या प्रश्नाच्या उत्तरात सापडतं.

एक गल्लत आधी दूर करू. संगणक शिकणं आणि संगणकातून शिकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. २००१ साली पुण्यात सुरू झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक कोर्सनं महाराष्ट्रात गावोगावी लोकांना माउस धरायला, फाइल सेव्ह करायला शिकवलं. ते काम मोठं होतं, पण तो पहिला प्रकार झाला. इथे बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल, म्हणजे गणित, विज्ञान, भाषा शिकताना यंत्राची नेमकी मदत काय होते याबद्दल.

ही मदत दोन तऱ्हेची असते. एक म्हणजे धडा पोचवणं, दुसरी म्हणजे मुलाला विचारणं आणि त्याच्या उत्तरावर काहीतरी करणं. गेल्या पन्नास वर्षांत आपण पोचवण्यात कमाल केली. १ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर इस्रोनं नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्हीवर शैक्षणिक कार्यक्रम दाखवले. १९८४ मध्ये यूजीसीचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर सुरू झाला. त्यासाठी कार्यक्रम तयार करणाऱ्या केंद्रांत पुणे विद्यापीठाचं ईएमआरसीही होतं. २००४ मध्ये तर खास शिक्षणासाठी एज्युसॅट हा उपग्रह सोडला. पुढे आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या संकेतस्थळावर आली, आणि २०१७ मध्ये स्वयम आणि दीक्षा हे दोन सरकारी मंच आले. आता बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपनं स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य फोनवर येतं. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड वापरण्याची कल्पना आपल्याकडे रुजवली ती सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी. त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला.

पोचवण्याला कमी लेखायचं कारण नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत अरविंद गुप्तांनी काडेपेटी, सायकलची ट्यूब, जुनी स्ट्रॉ अशा टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी बनवण्याचे व्हिडिओ केले, अनेक भाषांत केले, आणि ते फुकट ठेवले. ज्या शाळेत प्रयोगशाळा नाही तिथल्या शिक्षकाला हा केवढा आधार आहे! पण खेळणं बघणं आणि बनवणं यातलं अंतर व्हिडिओ भरून काढत नाही. ते मुलानं हातानं करायचं असतं, आणि पहिल्यांदा करताना ते बहुतेक वेळा बिघडतं.

आता सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा. एमपीएससीची मुलं-मुली कानात इअरफोन घालून दीडपट, दुप्पट वेगानं रेकॉर्डेड लेक्चर ऐकत असतात. शेजारी टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफच्या झेरॉक्स आणि तीन रंगांचे हायलायटर. दिवसाला सहा लेक्चरं ‘होतात’. ऐकताना सगळं समजतंय असं वाटतं, आणि गडबड इथेच आहे. ओळखीचं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे. दुसऱ्यांदा वाचलेला उतारा सोपा वाटतो, कारण डोळ्यांना त्याची सवय झालेली असते. परीक्षेत मात्र तो समोर नसतो.

याचा एक नेटका प्रयोग अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला. काहींनी पुन्हा न वाचता, आठवेल तेवढं कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं चाचणी घेतली तर चित्र उलटं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. गंमत अशी, की आठवून लिहिताना त्या मुलांना कुणी बरोबर-चूक सांगितलंही नव्हतं. डोक्यातून ओढून काढण्याचा नुसता त्रास घेतला, त्याचा एवढा फायदा झाला.

म्हणजे लेक्चरचा वेग दुप्पट करण्यापेक्षा लेक्चर संपल्यावर लॅपटॉप मिटून कोऱ्या कागदावर दहा ओळी लिहिणं जास्त कामाचं. याला तंत्रज्ञान लागत नाही. मग ते लागतं कुठे?

सातवीच्या वर्गातलं एक उदाहरण घेऊ. फळ्यावर दोन प्रश्न आहेत. पहिला: ३.५ आणि ३.२७ यांत मोठी संख्या कोणती? दुसरा: ५.६२ आणि ५.४ यांत मोठी कोणती?

एका मुलीचं पहिलं उत्तर ३.२७, दुसरं ५.६२. म्हणजे पहिलं चूक, दुसरं बरोबर. तिच्या शेजारच्या मुलाचं पहिलं उत्तर ३.५, दुसरं ५.४. पहिलं बरोबर, दुसरं चूक. दोघांनाही दोनपैकी एक मार्क. प्रगतिपुस्तकाच्या दृष्टीनं दोघं अगदी सारखी.

पण त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते बघा. मुलगी दशांशचिन्हानंतरचा भाग साधी संख्या समजून वाचते: २७ पाचापेक्षा मोठे, म्हणून ३.२७ मोठी. दुसऱ्या प्रश्नात तिचा नियम चुकीचाच होता, उत्तर नशिबानं बरोबर आलं. मुलाचं बरोबर उलटं. शतांश दशांशापेक्षा लहान असतो हे त्यानं ऐकलंय, ते खरंही आहे, पण त्यावरून त्यानं नियम बांधला की ज्याच्या मागे जास्त अंक ती संख्या लहान. त्याचं पहिलं उत्तर नशिबानं बरोबर आलं. दोघांनाही ‘नीट वाचा, सराव करा’ असं सांगून काही होणार नाही. तिला ३.५ म्हणजे ३.५० हे दिसायला हवं. साडेतीन रुपये आणि तीन रुपये सत्तावीस पैसे समोर ठेवले तर लगेच दिसेल. पैशांचं हेच उदाहरण त्याला दिलं तर त्या प्रश्नाचं उत्तर बरोबर येईल आणि त्याचा नियम जसाच्या तसा राहील. त्याला शंभर चौकटींचा कागद द्यायचा, ६२ चौकटी रंगवायला लावायच्या आणि त्याशेजारी ४० रंगवायला लावायच्या.

चांगल्या शिक्षिकेला हे कळतं. तिच्या वहीत, निदान मनात, अशा चुकांची यादी असते. पण वर्गात पन्नास मुलं आणि तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. पन्नास वह्या तपासून होईपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असतो. यंत्र उपयोगी पडतं ते इथे. ते पन्नास जणांना एकाच वेळी विचारू शकतं, कुणी काय उत्तर दिलं ते लक्षात ठेवतं आणि त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न निवडतं. दोन्ही उत्तरं बरोबर आली तरी ते लगेच विश्वास ठेवत नाही. दोन पर्यायांच्या दोन प्रश्नांत डोळे मिटून टिचकी मारली तरी चारांतून एकदा दोन्ही बरोबर येतातच. म्हणून ते तिसरा, चौथा प्रश्न टाकतं, जरा वेगळ्या तऱ्हेचा. ‘ॲडॅप्टिव्ह’ म्हणून जे विकलं जातं ते मुळात एवढंच आहे, निदान असायला हवं.

यात अवघड भाग प्रोग्रॅमिंगचा नाही. अवघड आहे ते मुलं कुठे, कशी आणि का चुकतात याची खरी यादी तयार करणं, आणि प्रत्येक चुकीला उघडं पाडणारा प्रश्न रचणं. त्याला वर्गातच बसावं लागतं. ॲप विकायला आलेला माणूस ‘आमच्याकडे हजारो व्हिडिओ आहेत’ म्हणतो. ‘आमच्याकडे दशांश अपूर्णांकातल्या चुकांची यादी आहे’ असं म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही. बऱ्याच ॲपमध्ये चुकीच्या उत्तरावर नुसतं ‘पुन्हा प्रयत्न करा’ येतं. मुलं हुशार असतात. ती ए, बी, सी, डी ओळीनं दाबत जातात, हिरवं होईपर्यंत. पालकांना संध्याकाळी मेसेज येतो: आज वीस प्रश्न पूर्ण.

नीट केलं तर फरक पडतो याला पुरावा आहे. दिल्लीत माइंडस्पार्क नावाच्या सॉफ्टवेअरवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी शाळांतल्या मुलांमधून लॉटरीनं काहींना शाळेनंतरच्या केंद्रात प्रवेश दिला, बाकीच्यांशी तुलना केली. साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ प्रमाण विचलनाची वाढ दिसली. म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधोमध उभा असलेला मुलगा साधारण चौदा जागा पुढे सरकला. पण मला यातली जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. सहावीतली ही मुलं गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती. वर्गात सहावीचं पुस्तक चालू होतं आणि मुलाची गाडी तिसरी-चौथीत अडकली होती. सॉफ्टवेअरनं त्याला तिथून उचललं. आणि हेही सांगायला हवं की केंद्रातल्या दीड तासापैकी निम्मा वेळच संगणकापुढे होता; उरलेल्या वेळात लहान गटाला माणूस शिकवत होता.

आता उलटी बाजू. पेरू देशात ग्रामीण भागातल्या प्राथमिक शाळांत मुलांना लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांच्या पाहणीत पंधरा महिन्यांनी गणित आणि भाषेत काहीच फरक आढळला नाही. लॅपटॉप होते, त्यांत पुस्तकंही भरलेली होती. मुलाच्या चुकीकडे बघणारं कुणी नव्हतं. गुजरातमध्ये ज्ञानशाळा या संस्थेच्या वर्गांत झालेला अभ्यास तर आणखी बोलका आहे. संगणकाचा कार्यक्रम शिकवण्याच्या तासाऐवजी ठेवला तेव्हा मुलं मागे पडली. तोच कार्यक्रम शाळेच्या वेळेबाहेर जादा म्हणून ठेवला तेव्हा फायदा झाला, विशेषतः कच्च्या मुलांना. त्यामुळे शाळेत टॅबचा तास सुरू होणार असेल, तर तो वेळापत्रकात कुणाच्या जागी बसणार आहे हे विचारून घ्यावं. खेळाच्या तासाच्या जागी असेल तर तो वेगळाच अपराध.

प्रत्येक मुलाच्या हाती यंत्र लागतंच असंही नाही. प्लिकर्स नावाची एक साधी युक्ती आहे. प्रत्येक मुलाला एक छापील कार्ड मिळतं. त्यावर क्यूआरसारखी काळी-पांढरी नक्षी, प्रत्येकाची वेगळी. चौकोनी नक्षीच्या चार बाजूंना बारीक अक्षरात ए, बी, सी, डी लिहिलेलं असतं. प्रश्न विचारला की मुलानं आपलं उत्तर ज्या बाजूला आहे ती बाजू वर करून कार्ड धरायचं. शिक्षिका आपला फोन वर्गावरून फिरवते आणि काही सेकंदांत कुणाचं काय उत्तर आहे ते स्क्रीनवर येतं. शेजाऱ्याचं बघून कॉपी करता येत नाही, कारण त्याचं कार्डच वेगळं. एरवी ‘समजलं का?’ विचारल्यावर पुढच्या बाकावरची चार मुलं ‘हो’ ओरडतात आणि तास पुढे सरकतो. इथे मागच्या बाकावरच्या, वर्षभर तोंड न उघडणाऱ्या मुलालाही उत्तर द्यावंच लागतं, आणि ते चुकलं तर शिक्षिकेशिवाय कुणाला कळत नाही. वर्गात एक फोन, थोडे कागद. लाखाच्या पॅनेलपेक्षा मला हे जास्त इंटरॅक्टिव्ह वाटतं.

म्हणूनच पालकसभेत पॅनेल बघण्याऐवजी शिक्षकांच्या लॉगिनमधला पडदा बघायला मागावा. मागच्या आठवड्यात या वर्गानं सर्वांत जास्त कुठला प्रश्न चुकवला, आणि त्यावर काय केलं? हे जर त्या सिस्टिममध्ये दिसतच नसेल, किंवा दिसत असून कुणी उघडत नसेल, तर तो टीव्ही आहे. चांगला टीव्ही असेल, पण टीव्हीच.

विसरण्याचीही थोडी सोय यंत्र करतं. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ मध्येच दाखवलं होतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं. मग विसरायच्या बेतात असताना पुन्हा विचारायचं, आलं तर पुढचं अंतर वाढवायचं, चुकलं तर कमी करायचं. अँकीसारखे मोफत प्रोग्रॅम हे वेळापत्रक सांभाळतात. शब्दार्थ, सनावळ्या, शरीरशास्त्रातली नावं यांसाठी उत्तम. सिद्धता समजून घ्यायला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि आता एआय. चॅटबॉटला आपली चूक दाखवावीच लागत नाही. उदाहरणाचा फोटो काढायचा, उत्तर पायऱ्यांसकट हजर. आतापर्यंत आपण चूक उशिरा कळण्याची अडचण बघत होतो. इथे चूक करण्याची वेळच येत नाही. तुर्कस्तानात हायस्कूलच्या सुमारे हजार मुलांवर झालेल्या प्रयोगात याचे परिणाम मोजले गेले. गणिताच्या सरावात काहींना साधा चॅटबॉट दिला, काहींना शिकवणीसाठी बांधलेला, आणि काहींना काहीच नाही. साधा चॅटबॉट वापरणाऱ्यांचे सरावातले गुण काहीच न मिळालेल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी जास्त होते. मग चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तर त्यांचे गुण काहीच न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी. आणि आपलं शिकणं कमी झालंय याची त्यांना जाणीवही नव्हती.

शिकवणीसाठी बांधलेल्या चॅटबॉटनं हे नुकसान जवळपास टाळलं. सरावातले गुण तर १२७ टक्क्यांनी वाढले, परीक्षेत मात्र ही मुलं चॅटबॉट न वापरणाऱ्यांइतकीच राहिली, पुढे गेली नाहीत. तो वेगळा कशानं झाला? त्याला सांगून ठेवलं होतं की उत्तर द्यायचं नाही, इशारा द्यायचा. आणि शिक्षकांनी प्रत्येक उदाहरणातल्या नेहमीच्या चुका त्यात आधीच भरल्या होत्या. पुन्हा तीच यादी.

घरी हे थोड्या प्रमाणात करता येतं. चॅटबॉट मराठीत लिहिलेलं समजतो. ‘मी सातवीत आहे. हे उदाहरण मी सोडवतोय, उत्तर सांगू नकोस. माझ्या पायऱ्या बघ आणि पहिली चूक कुठल्या पायरीत आहे तेवढंच सांग’ असं लिहायचं. तो कधीकधी नियम मोडून उत्तर सांगून टाकतो, कधी बरोबर पायरीला चूक म्हणतो आणि तेही मोठ्या ऐटीत. पुस्तकामागची उत्तरसूची जवळ असू द्यावी.

हे सगळं फोन मुलाच्या हाती असेल तर. ग्रामीण भागातल्या मुलांच्या शिक्षणाची जी ‘असर’ पाहणी होते, तिच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी मागच्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. शहरात चित्र वेगळं असेल अशी आशा करण्यापूर्वी आपल्याच घरातला स्क्रीन टाइमचा आकडा उघडून बघावा. घरात एकच फोन आणि तो वडिलांबरोबर रात्री नऊला घरी येत असेल, तर ‘गृहपाठ ॲपवर टाकलाय’ हे वाक्य त्या मुलाच्या काहीच कामाचं नाही.

राहिली ती चुकांची नोंद. पूर्वी मुलाच्या चुका वहीत राहायच्या आणि वही वर्ष संपल्यावर रद्दीत जायची. आता मूल किती वेळा अडखळलं, किती सेकंद थांबलं, कुठल्या विषयात कच्चं आहे हे सगळं कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर साठतं. पुढचा महागडा कोर्स विकणाऱ्याला याहून चांगली माहिती कुठली? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांना मूल मानलंय, त्यांची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घातलीय, आणि दिलेली माहिती पुसून मागण्याचा हक्कही ठेवलाय. तरतुदी टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत, पण मागणी करायला थांबायचं कारण नाही. शाळा बदलताना शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर ॲपमधलं खातं बंद करून नोंदी पुसायलाही सांगावं. शाळेच्या ऑफिसात अशी मागणी बहुधा पहिल्यांदाच आलेली असेल, तेव्हा अर्ज दोन प्रतींत न्यावा आणि एकीवर पोच घ्यावी.